मॉबीचं ऑइल कोण पितं?

काळा झेंडा! आणि तोही कुणाला, तर मला!

कॅसावा हिलचं शेवटचं वळण मी असं काही घेतलं होतं, की आमच्या वेंडल अंकलनीसुद्धा तोंडात बोट घातलं असतं. पाऊस भुरभुरत होता, बाजूच्या उसाची पाती वाऱ्यानं रस्त्यावर वाकली होती, आणि माझी मॉबी त्या चढावर नुसती गुरगुरत सुटली होती. वर पोचले, हेल्मेट काढलं, आता कुणीतरी टाळ्या वाजवणार म्हणून केस सारखे करायला लागले... तर समोर पिवळा रेनकोट घातलेला एक उंच माणूस. हातात काळा झेंडा, म्हणजे शर्यतीतून बाद.

"तुमची गाडी धूर सोडतेय," तो म्हणाला.

"शर्यतीची गाडी आहे. अत्तर सोडणार का?"

"निळा धूर सोडतेय."

"आभाळाचा रंग पडला असेल."

त्यानं मान वर करून पाहिलं. वर काळंकुट्ट भरून आलं होतं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबलं. दाबताना डाव्या गालाला एक खळी पडली, ती मला दिसली, आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

"निळा म्हणजे इंजिनात ऑइल जळतंय. या मोसमातली ही तुमची दुसरी वेळ. तिसऱ्यांदा दिसला तर वर्षभर बंदी. नियम माझा नाही, क्लबचा आहे."

"आणि झेंडा कुणाचा?"

"झेंडा मात्र माझा," तो म्हणाला आणि त्यानं खिशातून पावतीपुस्तक काढलं.

क्लबचा नवा तपासनीस होता तो. नाव ऑरिन इअरवुड. भिजलेल्या कागदावर त्यानं माझं नाव, रेनेल गिटेन्स, इतक्या सुबक अक्षरात लिहिलं, की घरी जाऊन फाडून टाकायची म्हणून घेतलेली ती पावती मी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून दिली.

मॉबी मूळची वेंडल अंकलची. दोन सीटची, ठेंगणी, मागे इंजिन आणि त्या इंजिनाच्या डोक्यावर सुपरचार्जर. पायाखालचं पेडल दाबलं की तो पंखा बाहेरची हवा कोंबून कोंबून आत भरतो, आणि एवढंसं इंजिन दुप्पट मोठ्या इंजिनासारखं जोर करतं. रंग आमच्याकडच्या झाडाच्या सालीपासून केलेल्या मॉबी सरबताचा, तपकिरी, म्हणून नावही तेच. पहिला घोट कडू लागतो, मग सवय लागते. कॅसावा हिलवरचा अंकलचा विक्रम एकोणीस वर्षं कुणी मोडलेला नाही. पण मग त्यांच्या कंबरेनं दगा दिला. गाडीत बसायचे ते एकटे, पण बाहेर काढायला दोन माणसं लागायची. शेवटी किल्ली माझ्या हातात आली.

आली, पण अर्धीच.

"ब्रिजटाऊनचे डॉक्टर गुडरिज ही गाडी विकत घ्यायला तीन वर्षं मागे लागलेत," त्या दिवशी व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून अंकलनी ठणकावलं. "मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत मॉबी धुराशिवाय वर गेली तर ती तुझी. परत धूर काढलास तर ती डॉक्टरांच्या घरी चादर पांघरून झोपेल. निदान तिची अब्रू तरी राहील!"

मी मॉबीचे गिअर टाकायला शिकले तेव्हा माझे पाय पेडलला पुरत नव्हते. अंकल पाय चालवायचे आणि मी हात. ती गाडी दुसऱ्याच्या दारात चादर पांघरून उभी राहणार, या विचारानंच मी किल्ली मुठीत आवळून धरली.

त्यात क्लबचं पत्र आलं. शेवटच्या शर्यतीआधी सहा रविवार गाडीचं ऑइल मोजायचं, वहीत नोंद करायची, आणि खाली क्लबच्या माणसाची सही हवी. सेंट जोसेफ भागातला क्लबचा माणूस कोण?

बरोबर. तोच. पिवळा रेनकोट!

*

पहिल्या रविवारी तो आला तेव्हा रेनकोट नव्हता. इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, काखेत वही होती, आणि हातात... काचेच्या नळीत बुडबुडा असतो ना, ती समपातळी बघायची पट्टी. स्वारी सरकारी मोजणी खात्यात कामाला होती.

मी मोठ्या ऐटीत इंजिनाचं झाकण उघडलं, ऑइलची पट्टी ओढून काढली आणि त्याच्या नाकासमोर धरली. "बघा! परवाच अर्धा लिटर घातलं, आज परत खालच्या खुणेशी. पिते हो, पाण्यासारखं पिते!"

त्यानं पट्टीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गुडघे टेकून तो आमच्या दारातल्या सिमेंटवर बसला आणि त्यानं ती बुडबुड्याची पट्टी खाली ठेवली. बुडबुडा सर्रकन एका टोकाला पळाला.

"तुम्ही ऑइल नेहमी इथेच मोजता?"

"मग काय चर्चमध्ये मोजू?"

"ही जागा उतरती आहे. गाडी कलली की आतलं ऑइलही एका बाजूला कलतं. पट्टीला वाटतं ऑइल कमी आहे. तुम्ही ओतता. परत कमी दिसतं, परत ओतता."

व्हरांड्यातून आवाज आला, "एकोणीस वर्षं मी इथंच मोजतोय!"

"एकोणीस वर्षं तुम्ही जास्तच ओतताय, सर," ऑरिन अगदी नम्रपणे म्हणाला.

अंकलची खुर्ची करकरली. मला हसू आवरेना, मी झाकणाआड तोंड लपवलं.

बुडबुडा मधोमध थांबेल अशी जागा अख्ख्या गावात एकच निघाली. क्रिकेटच्या मैदानावरच्या पॅव्हेलियनपुढचा सिमेंटचा चौथरा. आम्ही मॉबी तिथे नेऊन उभी केली आणि इंजिन बंद केलं. मी लगेच झाकणाकडे धावले, तर यानं मनगटावरचं घड्याळ वर केलं.

"दहा मिनिटं."

"कशाला?"

"फिरत्या इंजिनात ऑइल वर गेलेलं असतं. खाली यायला वेळ लागतो. घाईनं मोजलं की चुकतं."

आणि मग ती दहा मिनिटं. पहिली दोन तर मी नुसती नखं बघत काढली. तिसऱ्या मिनिटाला त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. आत त्याच्या आईनं केलेला नारळाचा पाव होता. सहाव्या मिनिटाला मला कळलं की हा माणूस दर शर्यतीला हजर असतो, पण स्वतः कधीच गाडी पळवत नाही.

"का बरं?"

"पोटात ढवळतं," तो म्हणाला.

मी इतकी हसले की मैदानात फलंदाजी करणारा थांबून आमच्याकडे बघायला लागला.

दहा मिनिटांनी पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर! चक्क एक लिटर जास्त. "इतकं भरलं की आतले दांडे ते घुसळतात, फेस होतो, आणि तो नळीतून बाहेर उडतो," ऑरिन म्हणाला. आम्ही जास्तीचं ऑइल काढून टाकलं. अंकलनी त्या दिवशी जेवताना चीज घालून भाजलेल्या मॅकरोनी पायचा दुसरा तुकडा मागितला नाही. त्यांच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे.

*

दुसऱ्या रविवारी धूर कमी झाला होता, पण गेला नव्हता.

"आता घोडं कुठे पेंड खातंय ते बघू," ऑरिन म्हणाला. "धूर कधी येतो ते कळलं पाहिजे. पेडल सोडून उतरताना आला तर दोष वरच्या व्हॉल्व्हच्या रबरी सिलांचा. जोर लावून चढताना आला तर दोष दुसरीकडे. तुम्ही चालवा. मी मागे तोंड करून बसतो."

"पोटात ढवळेल ना?"

"कर्तव्य आहे," तो म्हणाला. त्याचा चेहरा आधीच उतरला होता.

काय सांगू! मी चढावर पेडल दाबलं, सुपरचार्जर शिट्टी घालायला लागला, आणि बाजूला हा बाबा सीटला मिठी मारून मागच्या काचेतून ओरडतोय, "निळा!... निळा!... फार निळा!" वर जाऊन मी वळले आणि पेडल सोडून उतरायला लागले. "नाही!... नाही!... गाडी थांबवा!"

"काय झालं? धूर?"

"नाही... मी."

तो झुडपाआड जाऊन आला. परत येऊन त्यानं एका हातानं पोट धरून वहीत त्याच सुबक अक्षरात लिहिलं. *चढताना धूर आहे. उतरताना नाही. सिलं ठीक.*

खरं सांगते, मी प्रेमात पडले ती तेव्हाच. रुबाब दाखवणारे शंभर बघितले होते मी त्या टेकडीवर. पोट धरून खरी नोंद लिहिणारा एकच बघितला.

तिसऱ्या रविवारी अंकलनी कुरकुरत आपलं दाब मोजायचं यंत्र काढून दिलं. चारही सिलिंडरमध्ये हवा भरून बघितली. चारही सारखे, कुठेच गळती नाही. "म्हणजे पिस्टनच्या रिंगा शाबूत," ऑरिन म्हणाला, आणि मी देवाचे आभार मानले, कारण रिंगा गेल्या असत्या तर सगळं इंजिन उघडावं लागलं असतं आणि शर्यत विसरावी लागली असती. मग त्यानं इंजिनाच्या कुशीतून अंगठ्याएवढा एक व्हॉल्व्ह उपटून काढला, फडक्यानं पुसला आणि तोंडाला लावून फुंकला. उलटा करून परत फुंकला.

"हा एकमार्गी असायला हवा. एका बाजूनं फुंकर जायची, दुसऱ्या बाजूनं अडायची. हा दोन्हीकडून जाऊ देतोय."

"मग?"

"सुपरचार्जर हवा कोंबतो, तेव्हा यानं दार लावून घ्यायचं असतं. हा लावतच नाही. मग ती कोंबलेली हवा इंजिनाच्या पोटात शिरते, तिथलं ऑइल श्वासाच्या नळीतून वर ढकलते, आणि इंजिन स्वतःचंच ऑइल गिळून जाळतं."

"बघू?" मी त्याच्या हातातून तो घेतला आणि तोंडाला लावून फुंकला. खरंच, दोन्हीकडून जात होतं. मान वर केली तर तो माझ्याकडे बघतच राहिला होता.

"काय?"

"तुमच्या... ओठावर ऑइल लागलंय. इथं."

"मिशी आली का?"

"चांगली झुपकेदार."

"मग मिशीवाल्या बाईला 'तुमच्या' काय म्हणता? 'तुझ्या' म्हणा की!"

 त्यानं खिशातून घडी घातलेला रुमाल काढून माझ्यासमोर धरला आणि हळूच म्हणाला, "तुझ्या ओठावर ऑइल लागलंय, रेनेल."

मी रुमाल घेतला. पुसायचं मात्र मला पाच मिनिटं सुचलं नाही.

नवा व्हॉल्व्ह बसला. वर ऑरिननं एक जुना थर्मास आणला, त्यात भांडी घासायची तारेची घासणी कोंबली आणि श्वासाच्या नळीच्या वाटेत तो घट्ट बांधला. चुकूनमाकून ऑइलची वाफ आलीच, तर तारेला अडकून थर्मासात थेंब पडतील, इंजिनात जाणार नाहीत. अंकलनी तो थर्मास न्याहाळला आणि म्हणाले, "चहा कधी देणार?" म्हणजे त्यांना तो पसंत पडला होता.

चौथा रविवार. मी आठवडाभर मॉबी घेऊन फार्मसीत कामाला जात होते, आणि मुद्दाम लांबच्या चढाच्या रस्त्यानं जात होते. चौथरा, घड्याळ, दहा मिनिटं, नारळाचा पाव. पट्टी काढली. ऑइल बरोब्बर वरच्या खुणेवर! मागच्या रविवारी होतं तिथंच, केसभरही खाली नाही. थर्मास कोरडा. धूर? छे!

मी आनंदानं उडीच मारली. मैदानातून कुणीतरी ओरडलं, "ऑरिन, विकेट पडली की काय?"

"पडली!" तो ओरडला आणि मग स्वतःच लाजला. वहीत लिहिता लिहिता म्हणाला, "झालं तुझं काम. पुढच्या रविवारी परत इथंच आलं तर नियमानं उरलेली नोंद लागत नाही, मी तेव्हाच सही करून टाकतो. तुझी सुटका."

"सुटका," मी म्हणाले.

"हो. मग मला... यायचं कारण नाही."

"नाही," मी म्हणाले.

तो खाली मान घालून पेनाचं टोपण लावत होता. त्यानं काहीतरी म्हणावं म्हणून मी वाट बघितली. तोही बहुतेक तीच वाट बघत होता. मग पाऊस आला आणि आम्ही दोघंही पळालो.

*

आता पुढचं सांगायला मला लाज वाटते. पण सांगते.

शनिवारी दुपारी फार्मसी बंद करताना मी कपाटातून एक मोठी सिरिंज घेतली आणि तिला लांब बारीक नळी जोडली. घरी आले. अंकल डॉमिनो खेळायला रमच्या गुत्त्यावर गेले होते. मी ऑइलच्या पट्टीच्या भोकातून नळी आत सोडली आणि... ओढलं. खोकल्याच्या औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या भरल्या. दोनशे मिली. बाटल्या बाथरूममध्ये टॉवेलांच्या मागे लपवल्या.

वेडेपणा? शुद्ध वेडेपणा! पण तुम्हीच सांगा, दुसरं काय करायचं होतं? "ऑरिन, तू येत जा" असं म्हणायचं? तो म्हणाला असता, "कशाला?" मग?

पाचव्या रविवारी त्यानं पट्टी दोनदा पुसून दोनदा बघितली. प्लग काढून बघितले. थर्मास उघडून बघितला. इंजिनाच्या कानाकोपऱ्यात वाकून वाकून बघितलं.

"विचित्र आहे," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "तुला काही सांगायचंय का?"

"मला? छे! काय?"

"काही नाही. म्हणजे पुढच्या रविवारी यावंच लागेल."

"यावंच लागेल," मी म्हणाले. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालं होतं. मन मात्र नाचत होतं.

सहाव्या आठवड्यात मी आणखी तीन बाटल्या काढल्या. दोनशेत त्याला सगळं समजलंय की काय अशी भीती वाटली, आणि त्यावर उपाय काय, तर तीनशे! प्रेमात माणसाची अक्कल कुठे जाते ते मला त्या आठवड्यात कळलं.

नेमके त्या रविवारी अंकल काठी टेकत मैदानावर आले. पट्टीवरची खूण त्यांनी डोळ्याजवळ नेऊन बघितली. त्यांचा चेहरा पडला.

"रिंगा," ते म्हणाले. "रिंगाच गेल्या. आता दुसरं काय असणार?"

"घाई नको, सर," ऑरिन म्हणाला.

"घाई कसली? पुढच्या रविवारी शर्यत आहे. ही वही बघून कोण वर सोडणार हिला?" ते माझ्याकडे वळले. मला वाटलं ओरडतील. पण त्यांनी नुसता मॉबीच्या टपावर हात ठेवला. "तू खूप केलंस पोरी. शर्यतीनंतर डॉक्टरांना फोन करतो."

 बोल, रेनेल, बोल आता! पण बोलायचं म्हणजे सगळंच बोलायचं. ऑइल का काढलं, तेही. दोघांच्या समोर. ऑरिन वही छातीशी धरून उभा होता.

"तुला काही सांगायचंय?" त्यानं परत विचारलं, हळू आवाजात.

मी मान हलवली. नाही.

"सही रविवारी करीन," तो म्हणाला आणि गेला. त्या दिवशी नारळाचा पाव पुडीतच राहिला.

आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यायचा, हे कुणाला शिकायचं असेल तर माझ्याकडे या. मॉबी ठणठणीत होती आणि मी तिला आजारी ठरवलं होतं. ज्याला भेटायला हे सगळं केलं, तोच आता तिला अडवणार होता, कारण खोटं लिहिणं त्याच्या रक्तात नव्हतं. आठवडाभर मला झोप नाही. फार्मसीत एका आजोबांना रक्तदाबाऐवजी खोकल्याचं औषध देणार होते, तेवढ्यात ती बाटली बघूनच दचकले मी!

*

शर्यतीचा रविवार. कॅसावा हिलच्या पायथ्याशी गाड्यांची रांग, फिशकेकचा वास, बारीक पाऊस. तपासणीच्या टेबलाशी मिस युडोरा बसलेल्या. क्लबच्या मुख्य तपासनीस, वय सत्तर, डोक्यावर चर्चची जांभळी हॅट. त्यांना शर्यतीवाले यमापेक्षा जास्त घाबरतात. शेजारी ऑरिन, पिवळ्या रेनकोटमध्ये. मागे घडीच्या खुर्चीत अंकल.

ऑरिननं वही उघडली. "गाडी नंबर अठरा. नियमाप्रमाणे सही करण्याआधी चालकाला विचारावं लागतं. नोंदीत काही दुरुस्ती?"

तो वहीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. टेकडीवरून पहिल्या गाडीचा आवाज घुमत गेला. मी मॉबीकडे बघितलं.

मी हातातली पिशवी टेबलावर उपडी केली. पाच बाटल्या. खोकल्याच्या औषधाची लेबलं, आत सोनेरी ऑइल.

"दुरुस्ती आहे," मी म्हणाले. "मॉबी ऑइल पीत नाही. मी काढलं."

"काय?" अंकल खुर्चीतून अर्धे उठले.

"मोठ्यानं बोल," मिस युडोरा म्हणाल्या. "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही."

"मी काढलं! सिरिंजनं! पाचव्या आणि सहाव्या रविवारच्या आधी! इंजिनाला काहीही झालेलं नाही!"

"का काढलंस?"

रांगेतले लोक मान लांब करून ऐकत होते. माझे कान तापले. आता लपवून काय मिळणार होतं?

"कारण ऑइल कमी झालं नसतं तर... हा आला नसता." मी ऑरिनकडे बोट दाखवलं. "दर रविवारी दहा मिनिटं थांबायचं, पाव खायचा, बोलायचं... ते बंद झालं असतं. मला हा आवडतो. खूप आवडतो. झालं समाधान?"

कुणीतरी शिट्टी मारली. मिस युडोरांनी नुसता डोळा वर केला आणि शिट्टी थांबली.

"एका माणसाला 'आवडतोस' म्हणायला अर्धा लिटर ऑइल?" त्या म्हणाल्या. "माझ्या वेळी एक पोस्टकार्ड पुरायचं. आण ती वही इकडे."

"मिस युडोरा, ती... मी..." ऑरिननं वही मागे ओढली. इतका गोंधळलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. पण मिस युडोरांच्या हातून आजवर कुणी वही सोडवलेली नाही. त्यांनी चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'रविवार पाचवा. दोनशे मिली कमी. प्लग चारही कोरडे. थर्मास रिकामा. धूर नाही. बॅटरीखाली सिरिंजचं टोपण सापडलं. निष्कर्ष, ऑइल इंजिन पीत नाही, हातानं काढलं जातंय. कारण, माहीत नाही.'"

मी आ वासून बघत राहिले. त्यानं वही ओढून घ्यायच्या आत मिस युडोरांनी पान उलटलं.

"'रविवार सहावा. आणखी तीनशे मिली कमी. बाकी वरीलप्रमाणे. कारण, अजून माहीत नाही.'" त्या थांबल्या. चष्मा नाकावर सारखा केला. आवाज एकदम मऊ झाला. "'आशा अशी, की मी दर रविवारी ज्या कारणानं येतो, तेच तिचंही असावं.'"

 नुसता पाऊस टेबलाच्या ताडपत्रीवर टपटपत होता.

"तुला माहीत होतं?" मी ओरडले. "दोन आठवडे? आणि मी इकडे जिवाला घोर लावून बसले!"

"मी दोनदा विचारलं!"

"तिसऱ्यांदा विचारायचं!"

"विचारलं की. आत्ता."

आणि ती खळी पडली, डाव्या गालावर. माझा राग कुठे गेला कोण जाणे.

मिस युडोरांनी एका पंचाला मापाचा पेला आणायला सांगितला. पाचही बाटल्या मोजल्या. पाचशे मिली, वहीशी तंतोतंत. समपातळीवर मॉबी लावून ते सगळं परत आत ओतलं. पट्टी वरच्या खुणेवर. गाडी चालू करून, पेडल दाबून त्यांनी स्वतः मागे उभं राहून बघितलं. धुराची रेघही नाही.

"सही मी करते," त्या म्हणाल्या. "इअरवुड, या गाडीवर तुझी नजर आता निःपक्षपाती राहिलेली नाही. तू वर जा, शेवटच्या वळणावर. आणि गिटेन्स, परत सिरिंज दिसली तर तुलाही बंदी आणि फार्मसीलाही!"

अंकल तोवर माझ्याजवळ आले होते. मला वाटलं आता काठीच पडते पाठीत. त्यांनी स्वतःजवळची दुसरी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटवली.

"डॉक्टरांना सांगतो, दुसरी बघा म्हणून," ते म्हणाले. "पण विक्रम मोडलास तर याद राख!"

नाही मोडला. चार दशांश सेकंद कमी पडले, आणि अंकल ते चार दशांश आजही गावभर सांगत फिरतात. पण काय चढली माझी मॉबी! सुपरचार्जरची शिट्टी, दोन्ही बाजूंनी ऊस, ओला रस्ता, आणि आरशात मागे फक्त पावसाचं पाणी उडताना दिसत होतं. निळं काहीही नव्हतं.

वर शेवटच्या वळणापलीकडे पिवळा रेनकोट उभा होता. हातात झेंडा नव्हता. मी गाडी बाजूच्या सपाट जागेवर घेतली, इंजिन बंद केलं आणि हेल्मेट काढलं. तो आला, रेनकोट काढून त्यानं माझ्या डोक्यावर धरला आणि स्वतः भिजत उभा राहिला.

"काय तपासनीस, पट्टी काढू?"

त्यानं घड्याळ वर केलं. "दहा मिनिटं थांबावं लागेल."

"नियम आहे?"

"नियम आहे," तो म्हणाला आणि रेनकोटाखाली माझ्याजवळ सरकला. खिशातून कागदाची पुडी काढली. पाव थोडा भिजला होता. आम्ही एकाच पुडीतून खाल्ला, आणि मग त्यानं माझा हात हातात घेतला, अगदी सावकाश... घाईनं मोजलं की चुकतं, तसा.

खालून गाड्या येत राहिल्या, हॉर्न वाजवत गेल्या, पाऊस थांबला आणि परत लागला. त्या दिवशी ऑइल मोजायचं राहूनच गेलं.